कुकीची जाड बाजू

फरशी बसवणाऱ्या त्या तरुणाला वाकडं काही बघवत नसे. धंद्यात हा गुणच म्हणायचा. पण संध्याकाळी हत्यारं पिशवीत भरावीत तसा स्वभाव भरून ठेवता येत नाही, तिथं पंचाईत होती. हॉटेलात बसला की आधी टेबल डुगडुगतंय का ते बघायचा, आणि डुगडुगत असेल तर मेनूकार्ड उघडायच्या आत हा टेबलाखाली. कुणाच्या घरी भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं, तर यजमान पाणी आणायला आत जाईपर्यंत कसाबसा दम धरायचा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बोटभर लेव्हल असायची, म्हणजे काचेची नळी, तिच्यात हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध स्थिरावला की स्वारीच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की बघणाऱ्याला वाटावं, याला आत्ताच कुणीतरी पगारवाढ दिली. ओळखीचे लोक त्याला 'फरशी'च म्हणायचे. फोन उचलल्यावर तोही "हां, फरशी बोलतोय" असंच सांगायचा.

प्रेमात पडला तोसुद्धा याच खोडीपायी. दाढ ठणकते म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, खुर्चीत आडवा झाला, तोंडाचा आ केला, आणि तोंडात आरसा, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असताना काहीतरी सांगायला लागला. डॉक्टरांनी घाबरून सगळं बाहेर काढलं.

"खूप दुखतंय का?"

"दाढेचं सोडा. तुमची खुर्ची डावीकडे झुकलीय."

दुसऱ्या दिवशी वॉशर आणि पाना घेऊन तो स्वतःहून हजर झाला आणि खुर्ची सरळ करून गेला. डॉक्टरांचा उजवा खांदा कितीतरी महिने धरलेला असायचा. तो मोकळा झाला. खांद्याचं दुखणं गेलं आणि दुसरंच सुरू झालं, असं ती पुढे मैत्रिणींना सांगायची. दोघांचं जमलं, फिरणं झालं, लग्नाचं ठरवून झालं. आता फक्त तिच्या घरच्यांनी हो म्हणायचं होतं. आणि नेमकी तिथं कुकी आडवी आली.

डॉक्टरची आई शाळेत मुलांना खेळ शिकवायची. निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. सगळी गल्ली तिला शिट्टीबाई म्हणायची, अर्थात ती ऐकू येईल इतक्या अंतरात नसताना. या शिट्टीबाईंच्या चॉकलेट चिप कुकीजचं नाव दूरवर झालं होतं. त्यांची कुकी एका बाजूला जाड, मऊ, सगळं चॉकलेट तिकडेच गोळा झालेलं. दुसऱ्या बाजूला पातळ, तांबूस, दाताखाली कुडुम वाजणारी. शेजारणींनी तेच बटर, तीच साखर, तेच मोजमाप घेऊन करून पाहिलं. त्यांच्या कुकीज सगळीकडून सारख्याच व्हायच्या. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं, की काय ते शिट्टीबाईंच्या हातातच आहे. शिट्टीबाईंनी ते फार आधीच मान्य केलेलं होतं.

त्या घरात कुकी एकट्याने खायची पद्धत नव्हती. दोघांत एक घ्यायची आणि मोडायची. एकाने जाड बाजू खायची, दुसऱ्याने कुरकुरीत. शिट्टीबाई जाड बाजूच्या, डॉक्टरचे बाबा कुरकुरीत बाजूचे. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, जाड बाजूची. तिचे यजमान होते तोवर ते कुरकुरीत खायचे, आता त्यांची बाजूही बाबांच्याच बशीत पडायची. आणि या पद्धतीवर आत्याने स्वतःचं एक शास्त्र उभारलं होतं. ज्या दोघांचा हात एकाच बाजूला जातो त्यांचा संसार होत नाही, झाला तर भांडणात जातो. यापूर्वी डॉक्टरला बघायला एक विमा विकणारा आला होता. मुलगा हसरा, बोलका, दिसायला बरा. त्याने कुकी हातात घेतली, मोडली आणि कुरकुरीत बाजू तोंडात टाकली. डॉक्टरही कुरकुरीत बाजूचीच. आत्याने कप बशीत ठेवला आणि म्हणाली, "बरं, ट्रॅफिक वाढायच्या आत निघायचं असेल ना तुम्हाला?" विमावाला गेला तो गेलाच.

हे सगळं डॉक्टरने फरशीला दवाखान्यात सांगितलं, आणि बरोबर आणलेली एक कुकी त्याच्यापुढे धरली. त्याने ती फिरवून नीट पाहिली. एवढ्या वेड्यावाकड्या वस्तूबद्दल त्याला आधी मनापासून वाईट वाटलं. मग त्याने पातळ बाजूचा तुकडा मोडला आणि कुडुम.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "झालं! तूही कुरकुरीत!"

"छान आहे गं ही बाजू."

"छान आहे ते मला माहितेय, माझीच आहे ती. हे बघ, रविवारी आत्या येणार आहे. तुझ्यामाझ्यामध्ये बशी ठेवतील. तू गुपचूप जाड बाजू घ्यायची."

"ती मला नाही आवडत. दातांना चिकटते."

"मी दातांचीच डॉक्टर आहे! काढून देईन!"

"म्हणजे सगळ्यांसमोर खोटं बोलू?"

"एक घास रे! लग्न करायचंय ना?"

"करायचंय. म्हणून तर. सुरुवातीलाच खोटं बोललो तर पुढे काय? मला जे आवडतं ते मी सरळ सांगणार. शहाणी माणसं आहेत, समजून घेतील."

"तुझं ते सरळ घाल चुलीत," डॉक्टर म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शनिवारी सकाळी फरशीला शिट्टीबाईंचाच फोन आला. स्वयंपाकघरातली एक टाइल पाय पडला की पोकळ वाजते, उद्या पाहुणे आहेत, येऊन बघून जा. विचारणं वगैरे नाही, सरळ हुकूम. फरशी पिशवी घेऊन गेला. टाइल काढली, खाली सिमेंटचा मसाला भरला, पुन्हा बसवली, पुसून लख्ख केली. शिट्टीबाई चॉकलेट आणायला बाजारात गेल्या होत्या, बाबा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. काम संपलं होतं. गुपचूप पिशवी उचलावी आणि निघावं, एवढंच बाकी होतं. पण उठता उठता त्याची नजर ओव्हनवर गेली.

ओव्हन जुना, पांढरा, चार बुटक्या पायांवर उभा, आणि सरळसरळ खिडकीकडे कललेला. फरशीने तोंड फिरवलं. आपल्याला टाइलसाठी बोलावलं होतं, आपण अजून या घरचे कुणी नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. पाणी प्यायला. पिताना पेल्याच्या कडेवरून पुन्हा ओव्हनच दिसला. मग नुसतं बघायला काय हरकत आहे म्हणून त्याने खिशातली लेव्हल काढून ओव्हनवर ठेवली. बुडबुडा बिचारा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. आता हे बघून गप्प बसणारा माणूस वेगळा, आणि फरशी वेगळा.

पिशवीत टाइलचे कापलेले तुकडे होतेच. खिडकीकडचे दोन्ही पाय उचलून त्याने खाली एकेक तुकडा सरकवला. बुडबुडा मधोमध आला. पण नुसते तुकडे ठेवून जाणं म्हणजे अर्धवट काम, कुणाचा धक्का लागला की पुन्हा वाकडं. म्हणून त्याने उरलेला मसाला लावून तुकडे खाली जमिनीला आणि वर ओव्हनच्या पायांना पक्के जोडून टाकले. आपण बसवलेली टाइल पुन्हा निघत नाही, हे तो गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा आणि ते खरं होतं. जिन्यातून उतरताना तो स्वतःशीच हसत होता. सासूबाईंना कळणारसुद्धा नाही, पण आपल्याकडून त्यांना एक भेट होऊन गेली, असं त्याला वाटत होतं.

रविवारी दुपारी सगळे जमले. आत्या भारी साडी नेसून, खुर्चीचा मान घेऊन बसली. जेवणाचं टेबल डुगडुगत होतं ते फरशीने आल्याबरोबर हेरलं, पण डॉक्टरने डोळे वटारले म्हणून बसून राहिला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, आणि आत शिट्टीबाईंचा तास सुरू होता.

"बटर मऊ हवं! मऊ म्हणजे वितळलेलं नाही! अहो, तुम्ही मध्ये येऊ नका, अंडी द्या!"

बाबा अंडी देत होते. पांढरी साखर, तांबडी साखर, बटर, सगळं फेटून फुलवलं गेलं. अंडी, व्हॅनिला, मग चाळलेला मैदा आणि सोडा, शेवटी मूठमूठ चॉकलेट चिप्स. मिश्रण फ्रिजमध्ये गार व्हायला बसलं तेवढ्यात आत्याने फरशीची नोकरी, घर, आई-वडील आणि रक्तगट, सगळं विचारून घेतलं. मग शिट्टीबाईंनी चमच्याने एकसारखे गोळे ट्रेवर मांडले. मैदानावर पोरांना उभं करावं तसेच मांडले, सगळ्यांमध्ये नीट अंतर, रांगा सरळ. ट्रे आत गेला. थोड्या वेळाने बटर आणि साखरेचा असा वास सुटला की आत्यासुद्धा बोलायची थांबली.

ट्रे बाहेर आला आणि स्वयंपाकघरातून काहीच आवाज येईना. शिट्टीबाईंच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी भलतंच. सगळे दारात गोळा झाले.

ट्रेवर कुकीज होत्या. गोल, सपाट, सगळीकडून सारख्या, चॉकलेट सगळीकडे सारखं पसरलेलं. दुकानात मिळतात तशा.

"जाड बाजू कुठाय?" आत्याने विचारलं.

शिट्टीबाईंनी एक कुकी उचलली, फिरवली, उलटी केली, परत फिरवली. जाड बाजू नव्हती. कुरकुरीतही नव्हती. मध्येच कुठेतरी होतं सगळं.

"मैदा जुना असेल," आत्या म्हणाली.

"कालच आणलाय, वन्सं."

"मग अंडी लहान होती."

"अंडी नेहमीचीच होती," बाबा घाईघाईने म्हणाले, कारण अंडी त्यांनी दिली होती.

शिट्टीबाईंनी दुसरा ट्रे लावला. या वेळी एका शब्दाने ओरडल्या नाहीत. ओव्हनसमोर स्टूल ओढून काचेतून बघत बसल्या. दुसरा ट्रेही पहिल्यासारखाच निघाला, अगदी घडीव. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"माझा हात गेला," त्या म्हणाल्या.

"अगं, काहीतरीच काय," बाबा म्हणाले.

"काहीतरीच नाही. पळता येत नाही, उडी मारता येत नाही, म्हटलं असू दे, वय झालं. एवढी एक गोष्ट होती जी फक्त मला यायची. ती पण गेली." आणि ज्या बाईच्या आवाजाने आख्खी शाळा रांगेत उभी राहायची, तिचे डोळे भरून आले.

फरशीला आधी काही कळलंच नव्हतं. उलट पहिला ट्रे बघून, काय सुंदर गोल आल्यात, असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं होतं. पण दुसऱ्या ट्रेच्या वेळी त्याची नजर ओव्हनवरून खाली, पायांखालच्या तुकड्यांकडे गेली, आणि तिथंच खिळली. डॉक्टरने त्याची नजर पकडली आणि दंडाला धरून त्याला गॅलरीत नेलं.

"काय केलंस?"

"ओव्हन सरळ केला काल. थोडासा."

डॉक्टरने त्याचा दंड सोडला. "अच्छा! बाजूच राहू नये म्हणून! खोटं बोलायला नको म्हणून माझ्या आईच्या कुकीजच सपाट केल्यास!"

"शपथ नाही गं! तिरका होता, मला राहवलं नाही. ओव्हनचा कुकीशी काय संबंध हे मला आत्ता कळतंय!"

त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिचा विश्वास बसला. राग मात्र गेला नाही. "आई आत रडतेय. माझी आई. तिला रडताना मी कधी बघितलेलं नाही. जा आणि सांग."

"सांगतो."

तो हलला नाही. सरळ बोलण्याचा एवढा मोठा ठेका घेतलेला माणूस, पण 'तुमचा हात गेला नाही, तो कधी नव्हताच, सगळी करामत ओव्हनची होती' हे त्या बाईच्या तोंडावर सांगायला त्याची जीभ उचलेना. ती दुसरी बातमी पहिलीपेक्षा वाईट होती. "असं कर," तो म्हणाला, "सगळ्यांना जरा बाहेर ने. मी तुकडे काढून टाकतो. पुन्हा तिरका झाला की तिसरा ट्रे आपोआप नीट येईल. त्यांना कळायलाच नको."

डॉक्टरला हे पटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तिने आत जाऊन आत्याला सांगितलं की बोलताना तुझी मागची दाढ मला बरी दिसली नाही, उजेडात ये, बघू दे. आपल्याकडे कुणी लक्ष दिलेलं आत्याला आवडायचं. ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी आ करून बसली. टॉर्च धरायचं काम डॉक्टरने आईला दिलं.

फरशी स्वयंपाकघरात पोटावर आडवा झाला. ओव्हन चांगलाच तापलेला होता. छिन्नी लावली, हलकेच ठोकली. तुकडा हलला नाही. जोराने ठोकली. हातोडीचा आवाज झाला, तुकडा जिथल्या तिथे. कडेने खरवडलं, खालून उचकटलं, ओव्हनला खांदा लावून पाहिला आणि भाजून घेतला. काही उपयोग नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कामाचा राग आला.

तेवढ्यात नाकासमोर दोन सपाता येऊन थांबल्या. सपातांचा मालक हळूहळू खाली बसला, मग गुडघ्यांवर, मग कण्हत कण्हत पोटावर. बाबा होते.

"निघत नाही का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही, काका."

"काय लावलंयस?"

"टाइलचा मसाला."

"चांगला असतो का?"

"जन्मभर टिकतो."

"अरे देवा," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, ओव्हनखालच्या अंधाराकडे बघत म्हणाले, "मला पहिल्या ट्रेलाच कळलं. हा तिरका मी केलाय ना."

फरशीने मान वळवली. दोघांची नाकं जवळजवळ चिकटली होती.

"नवा संसार होता," बाबा सांगू लागले. "पहिला ओव्हन जिन्यातून वर आणताना माझ्या हातून निसटला, एक पाय वाकला. हिला सांगायची हिंमत झाली नाही, तसाच भिंतीशी उभा केला. हिने हौसेने कुकीज केल्या, त्या सगळ्या अशा एकीकडे घसरलेल्या निघाल्या. इथंच, जमिनीवर बसून रडायला लागली. म्हणाली, मला पोरं पळवण्यापलीकडे काही येत नाही, पुन्हा ओव्हनला हात लावणार नाही. मी काय बोलणार? तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, अगं, हे तर मुद्दाम केल्यासारखं झालंय. ही जाड बाजू तुझी, ही कुरकुरीत माझी. दोघांत एक. हसली ती. मग तो पाय सरळ करायची माझी काय टाप! नंतर ओव्हन बदलला, घर बदललं. दर वेळी ही बाहेर गेली की मी खाली पाचर ठोकतो."

"किती तिरका करायचा ते कसं कळायचं?"

"लिंबू," बाबा म्हणाले. "वर लिंबू ठेवायचं. सावकाश घरंगळलं पाहिजे. पळालं तर जास्त झालं."

फरशीच्या धंद्यात असलं मोजमाप कुणी ऐकलं नसेल. पण आता वाद घालायची वेळ नव्हती. "काका, खिडकीकडचे तुकडे निघणार नाहीत. पण तेवढेच तुकडे या बाजूच्या पायांखाली घातले तर कल होता तेवढाच परत येईल. फक्त ओव्हन जरा उंच होईल."

"मग घाल की!"

बाबांनी गुडघ्यांवर बसून, हाताला फडकं गुंडाळून ओव्हनची ती बाजू उचलून धरली. फरशीने दोन्ही पायांखाली तुकडे सारले. बाबांनी तसाच हात वर करून ओट्यावरचं लिंबू घेतलं आणि ओव्हनवर ठेवलं. लिंबू क्षणभर थांबलं, मग सावकाश निघालं, अगदी हवं तसं, कडेपर्यंत गेलं आणि टपकन खाली पडलं. तिथून ते जमिनीवर घरंगळत दारापर्यंत गेलं, आणि कुणाच्या तरी पायाला लागून थांबलं.

दारात शिट्टीबाई होत्या. हातात टॉर्च तशीच चालू. मागे डॉक्टर, आणि तिच्या मागे आत्या, अजून एका गालात कापूस धरून. हातोडीचा आवाज ऐकून आल्या होत्या, म्हणजे सगळंच ऐकलं होतं.

"म्हणजे माझा हात गेलेला नाही?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"नाही, काकू," फरशी जमिनीवरूनच म्हणाला.

"आणि माझ्या हातात कधी काही नव्हतंच?"

बाबांनी उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांवरून एकदम उठणं त्यांना जमेना. "अगं, मैदा, साखर, फेटणं, सगळं तुझंच होतं की. मी फक्त..."

"म्हणजे त्या विमावाल्याला आपण उगीचच..." कापसातून आत्याचा आवाज आला.

"ताई, तू जरा गप्प बस," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत, कारण आत्या खरोखर गप्प बसली.

शिट्टीबाईंनी लिंबू उचललं. त्या ओव्हनपाशी आल्या. जमिनीवरच्या त्या दोन पुरुषांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"उठा दोघंही. आणि तू, ती लेव्हल आहे ना तुझ्या खिशात? ठेव ओव्हनवर."

फरशीने ठेवली. बुडबुडा टोकाकडे सरकून थांबला होता. त्याला तिकडे बघवेना.

"बरोबर आहे का एवढं?"

"मला... मला कसं सांगता येईल, काकू?"

"मला तरी कुठे सांगता येतंय? यांना विचार," शिट्टीबाई म्हणाल्या. "अर्ध्या कुकीज यांच्या हातच्या आहेत. मला मेलीला आज कळतंय. आणि कुणाला सांगितलं नाही हो या माणसाने, एवढी वर्षं मी मिरवत होते तरी."

बाबांनी लेव्हलकडे पाहिलंच नाही. बायकोच्या हातातलं लिंबू घेऊन ओव्हनवर ठेवलं, ते कडेला येताच अलगद पकडलं आणि मान हलवली.

"मसाला लावू का?" फरशीने हळूच विचारलं. "म्हणजे हलणार नाही."

"लाव," शिट्टीबाई म्हणाल्या आणि ओट्यावरची शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. "जन्मभर टिकेल असा लाव."

आणि फरशीने, ज्याने आजवर एक टाइल वाकडी बसू दिली नव्हती, त्याने आपल्या हाताने एक वाकडं काम पक्कं केलं. डोळे अर्धे मिटून केलं, पण केलं.

तिसरा ट्रे निघाला. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, चॉकलेट सगळं एकीकडे लोटलेलं. सगळे टेबलाभोवती बसले. या धांदलीत फरशी आणि डॉक्टर दोघंही रविवार कशासाठी होता तेच विसरून गेली होती. आत्या मात्र विसरली नव्हती. शास्त्र कसं जन्माला आलं हे आत्ताच ऐकलं होतं, पण म्हणून काय ती ते सोडणार होती? तिने कुकी ठेवलेली बशी दोघांच्या मधोमध सरकवली.

दोन हात एकदमच पुढे आले. दोन्ही कुरकुरीत बाजूकडे. बोटाला बोट लागलं.

आत्याने कप बशीत ठेवला.

फरशीला ते ठेवणं ऐकू आलं. त्याने डॉक्टरकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला होता. मग त्याची नजर समोर गेली. समोर बाबा बसले होते, त्यांच्या बशीत स्वतःचा कुरकुरीत तुकडा आणि वर आत्याचाही, आणि ते मुकाट्याने एकामागून एक चावत होते.

फरशीने कुकी मोडली. कुरकुरीत तुकडा डॉक्टरच्या बशीत ठेवला. "तुझ्यासाठीच मोडत होतो," तो म्हणाला. "मला काय, मला जाडच आवडते." आणि तो मोठा मऊ तुकडा त्याने आख्खा तोंडात कोंबला. त्याचे कान लाल झाले होते, चॉकलेट वरच्या दातांना जाऊन चिकटलं होतं, तरी वर "मस्त" असंही म्हणाला.

"खोटं बोलतोय हा," आत्या म्हणाली.

"हो, वन्सं," शिट्टीबाई म्हणाल्या. "मला दिसतंय." पण त्या फरशीकडे बघत नव्हत्या. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला कुरकुरीत बाजू खरंच आवडते ना?"

बाबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मान हलवून हो म्हटलं. इतक्या जोराजोराने म्हटलं, की खरं असतं तर एवढी मान हलवावी लागली नसती.

शिट्टीबाईंनी आपल्या जाड तुकड्यातला, जिथं सगळ्यात जास्त चॉकलेट होतं तो भाग मोडला आणि नवऱ्याच्या बशीत ठेवला. बाबांनी तो लगेच खाल्ला नाही, नुसताच बघत बसले. टेबल डुगडुगलं, चहा बशीत सांडला, पण फरशीने खाली वाकून पाहिलं नाही.

मग शिट्टीबाईंनी डोळे पुसले, ट्रेवरची सगळ्यात मोठी कुकी उचलली, मोडली, आणि फरशीपुढे धरली.

"घ्या जावईबापू, लाजू नका," त्या म्हणाल्या. "जाड बाजू. तुमच्या आवडीची ना?"

"खूप," फरशी म्हणाला, आणि घेतली.